गाडी कुठली ते नंतर, आधी रात्री उभी कुठे करायची ते सांगा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी आपल्या पुरवणीत चाकांवरच्या घरातून कोकण फिरण्याविषयी पानभर मजकूर होता. फोटोखाली ओळ होती, 'किनाऱ्यावर विसावलेली कॅरव्हॅन'. फोटोतल्या गाडीचं स्टिअरिंग काचेतून स्वच्छ दिसत होतं. कॅरव्हॅनला स्टिअरिंग नसतं हो. इंजिनही नसतं. कॅरव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागे आकड्याला अडकवून ओढत न्यायची खोली. जिच्यात पुढे ड्रायव्हर बसतो आणि मागे ओटा, पलंग, संडास असतो ती मोटरहोम. सरकारी कागदांत तिला 'मोटर कॅरव्हॅन' म्हणतात, त्यातला 'मोटर' बोलता बोलता गळून पडला आणि आपल्याकडे सगळंच कॅरव्हॅन झालं.

कोथरूडच्या बाईने शब्दाचा कीस पाडला, असं तुमच्या कार्यालयात कुणीतरी म्हणेलच. म्हणू दे. पण हा फरक कळला नाही तर सुट्टीचा कसा विचका होतो ते मी अनुभवलं आहे, म्हणून लिहिते.

मी दोन्हींत राहिले आहे. कॅरव्हॅनमध्ये अकरा रात्री, मोटरहोममध्ये चार. मला गाडी चालवता येत नाही. एकतीस वर्षं बँकेच्या काउंटरवर गेली. 'तुला गाडीतलं काय कळतं' असं आमचे हेही म्हणतात, त्यांची उभी हयात चिंचवडला गिअरबॉक्सच्या ड्रॉइंगवर गेली म्हणून. पण त्या पंधरा रात्रींत पाणी कुणी भरलं, उतारावर धिरडी कुणी घातली आणि जे रिकामं करायला कुणी पुढे येत नाही ते कुठे रिकामं झालं, याचा हिशेब माझ्याकडे आहे. मी खातेवह्या जुळवूनच घरी जाणारी बाई.

आधी कॅरव्हॅन. गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही लेकीकडे इंग्लंडात लीड्सला होतो. त्यांची कॅरव्हॅन म्हणजे पांढरा फ्रिज आडवा पाडून त्याला दोन चाकं लावावीत तशी. निघायच्या आदल्या दिवशी जावयाने न्हाणीघरातला वजनकाटा अंगणात आणला, त्यावर एक लाकडी दांडकं उभं केलं आणि कॅरव्हॅनचा पुढचा आकडा त्यावर अलगद टेकवला. काटा ७८ वर थांबला. "जमलं, आई," म्हणाला. तिकडे ठोकताळा असा की भरलेल्या कॅरव्हॅनच्या वजनाच्या पाच ते सात टक्के भार नाकावर हवा. नाक हलकं आणि शेपूट जड झालं तर मोठ्या रस्त्यावर वेग घेताच मागची खोली सापासारखी वळवळायला लागते आणि पुढच्या मोटारीलाही भरकटवते. मी मागच्या कपाटात कणकेचा डबा, तांदूळ, गोडा मसाला आणि लोणच्याच्या दोन बरण्या छान रांगेत लावल्या होत्या. त्याने तो सगळा संसार उचलून चाकांच्या वर, खालच्या खणात आणला. दुसरा ठोकताळा ८५ टक्क्यांचा. मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून कॅरव्हॅन जड नको, नवशिक्याने तर नकोच. त्यांची मोटार १६५० किलोची, कॅरव्हॅन भरून १३००. हे आकडे मला पाठ आहेत, कारण ह्यांनी ते भेटेल त्याला ऐकवले.

मी म्हटलं, मी आपली मागे पलंगावर पडून येते. तर सगळे हसले. चालत्या कॅरव्हॅनमध्ये माणूस बसवायला तिकडे बंदी आहे. वेगही बांधलेला. मोटरवेवर इतरांना ताशी ७० मैल, कॅरव्हॅनवाल्याला ६०. साध्या रस्त्यावर ५०. तीन पदरी मोटरवेच्या सगळ्यात उजव्या पदरात जायचंच नाही.

आम्ही गेलो वेन्सलीडेल नावाच्या खोऱ्यात. तिथल्या गावरस्त्यांच्या दोन्ही बाजूंना मातीचुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती आहेत. मला तर आपले कोकणातले गडगेच आठवले, फक्त जांभ्याऐवजी राखाडी दगड. अशा एका चिंचोळ्या रस्त्यात समोरून दुधाचा टँकर आला. आता मागे कोण जाणार? कॅरव्हॅन मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं. शेपूट डावीकडे हवं तर चाक उजवीकडे. जावयाने दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा मोटार आणि कॅरव्हॅन यांचा काटकोन झाला. शेवटी टँकरवाला हात दाखवून हसला आणि स्वतः पाव मैल मागे गेला. हे म्हणाले, आपल्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला इथे आणायला हवं. खरं आहे. कारखान्याच्या वजनकाट्याशी रांगेत दोन दोन ट्रॉल्या सुतासारख्या मागे घेणारी विशीतली पोरं मी माहेरी बारामतीकडे पाहिली आहेत. ओढायचं कौशल्य आपल्याकडे नाही असं कुणी म्हणू नये. ते फक्त पर्यटन खात्याच्या ओळखीचं नाही.

मुक्काम होता एका मेंढपाळाच्या शेतावर. या शेतावर माझं पत्र खरं तर सुरू व्हायला हवं होतं. तिकडे १९०७ साली निघालेला कॅरव्हॅनवाल्यांचा एक क्लब आहे. हा क्लब साध्या शेतकऱ्याच्या शेताला दाखला देतो. अट अशी की एका वेळी पाच गाड्या, सहावी नाही, आणि गाडीवाला क्लबचा सभासद हवा. १९६० च्या कायद्याने अशा क्लबांना ही मुभा दिली आहे, त्यामुळे शेतकऱ्याला वेगळे परवाने काढत फिरावं लागत नाही. त्या शेतावर होतं काय? गवत. एक नळ. पाच निळी सॉकेटं. आणि कोपऱ्यात झाकण असलेला एक खड्डा, ज्यात संडासाची पेटी ओतायची. स्वागतकक्ष नाही, पोहण्याचा तलाव नाही, 'सेल्फी पॉइंट' तर नाहीच. शेतकऱ्याची बायको संध्याकाळी येऊन पैसे न्यायची आणि अंडी देऊन जायची.

पोचल्यावर अर्धा तास लागतो. चाकाखाली पाचर, बुटक्या चाकाखाली उतरती फळी, मग पुढचं बारकं चाक वरखाली करून सपाटी, मग चार कोपऱ्यांचे पाय खाली. ह्यांच्या हातात लेव्हलची नळी होती, म्हणजे त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला होता. पाण्याचा चाळीस लिटरचा पिंप आडवा पाडून रुळासारखा लोटत नळापर्यंत न्यायचा, भरून लोटत आणायचा. पानशेतचं पाणी बंद असल्यावर सोसायटीत टँकरमागे बादल्या नेलेल्या बाईला त्यात नवल कसलं! पण पाऊस होता. रेनकोट घालून तिघं बाहेर, आणि शेजारी एक म्हातारं जोडपं मोटरहोम घेऊन आलं, इंजिन बंद केलं, पडदे ओढले, पाच मिनिटांत त्यांच्या किटलीची शिट्टी ऐकू आली. तेव्हा मला मोटरहोमचा हेवा वाटला, कबूल करते.

दुसऱ्या दिवशी हेवा फिटला. त्यांना दूध हवं होतं. त्यासाठी कपबश्या कपाटात, किटली ओल्या फडक्यात, वायर काढली, गुंडाळली, फळ्या चाकाखालून ओढल्या आणि दोन माणसं दीड खोलीचं घर घेऊन दुधाला गेली. आमची मोटार सुटी होती. अकरा दिवस कॅरव्हॅन जागची हलली नाही. आम्ही हॉजच्या बाजारात गेलो, रिबलहेडचा चोवीस कमानींचा रेल्वेपूल पाहिला, धबधब्याला दोनदा जाऊन आलो, आणि परत आल्यावर भात जिथे झाकला होता तिथे तो होता. चार पाच दिवस एका जागी राहून भोवतालचं बघणाऱ्याला कॅरव्हॅनसारखं सुख नाही. ते जोडपं मात्र स्कॉटलंडच्या टोकावरून आलं होतं आणि पुढे बोटीने फ्रान्सला चाललं होतं. तिथे गावोगावी मोटरहोमसाठी रात्रीपुरते थांबे आहेत, तिथे ओढत्या कॅरव्हॅनला बहुधा घेत नाहीत. रोज नवं गाव हवं असेल तर त्यांचंच बरोबर.

एक फजिती सांगून टाकते. पहिल्या रात्री ओट्याखालच्या फटीतून गार वारा पायाला लागत होता. वाकून पाहिलं तर जमिनीला चक्क भोक. मी वर्तमानपत्राचा बोळा करून कोंबला. (तिकडचं वर्तमानपत्र, तुमचं नव्हे.) सकाळी जावयाने पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही, जमिनीवर साठतो. तो खालून निसटावा म्हणून ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आपल्याकडे हौसेने जुन्या बसचं घर करून घेणाऱ्यांनी आपल्या सुताराला एवढं एक विचारावं, खालची भोकं कुठे आहेत?

आता कोकण. यंदा जानेवारीत पुण्यातूनच भाड्याने मोटरहोम घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, माणसं गोड बोलणारी होती. मिनीबसवर बांधलेली, टपावर एसी, आत टीव्ही, आणि छताला निळे जांभळे दिवे. त्या दिव्यांत पोळी भाजली की नाही ते कळत नाही. आम्ही दोघं, धाकटे दीर आणि जाऊ. चार रात्री, ताम्हिणीतून माणगाव, म्हसळा, दिवेआगर.

पहिला प्रश्न मला घाट लागायच्या आधीच पडला. ड्रायव्हर झोपणार कुठे?

तिकडे जावईच ड्रायव्हर. इकडे भाड्याच्या गाडीबरोबर कंपनीचा माणूस येतो. ह्यांना चालवायची फार हौस होती. साडेसात हजार किलोपर्यंतची गाडी हलक्या वाहनात धरतात, नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तशी व्यावसायिक गाडीही साध्या लायसन्सवर चालवता येईल असं सांगितलं आहे, वगैरे ऐकवून झालं. पण कंपनी द्यायला तयार नव्हती, आणि ताम्हिणीची वळणं पाहून मी मनातल्या मनात कंपनीचे आभार मानले. तर ड्रायव्हर. कंपनीत विचारलं तर उत्तर आलं, "तो त्याचं बघतो, मॅडम." चार माणसांसाठी गादी, उशी, रजई, टॉवेल, आणि जो सगळ्यांचा जीव हातात घेऊन चालवणार त्याच्यासाठी काय, तर 'त्याचं तो बघतो'. पहिल्या रात्री तो पुढच्या सीटवर वाकडा होऊन झोपला. आमच्यात आणि त्याच्यात एक पडदा. दिरांचं घोरणं त्याला ऐकू जात होतं, त्याचा खोकला आम्हाला. जाऊबाई रात्री दोन वाजता संडासला जायला उठल्या आणि अवघडून परत आडव्या झाल्या. "काकू, मला सवय आहे," तो सकाळी म्हणाला. पंचविशीचा पोरगा. दुसऱ्या रात्रीपासून, दिवेआगरला ज्यांच्याकडे मुक्काम होता त्या वाडीच्या मालकांना सांगून त्याला पडवीत झोपवला, माझी गोधडी देऊन. तेव्हा कुठे चौघांनाही झोप लागली, पाचव्यालाही.

हौसेखातर बांधलेली इंग्लंडातली पहिली कॅरव्हॅन १८८५ सालची, डॉ. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या निवृत्त नौदल डॉक्टरची. दोन घोडे ओढायचे, आणि एक नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन समोरच्या गाड्यांना सावध करायचा. जावयाने हे सांगितलं तेव्हा आम्ही हसलो होतो. दिवेआगरच्या वळणावर आमचा दीर गाडीच्या पुढे चालत 'येऊ दे, येऊ दे, वर बघ' करत होता, तेव्हा कुणी हसलं नाही.

कारण वर फणस होता. गाडीची उंची एसी धरून दहा फुटांच्या आसपास. पाखाडीसारखा रस्ता, दोन्हीकडे गडगे, त्यावर पोफळी, मध्ये विजेच्या लोंबत्या तारा आणि एक आडवी फांदी. एसीचं झाकण फांदीला घासलं, वरून पाला आणि एक सरडा बॉनेटवर पडला, आणि मालकांनी आतून सांगितलं की पुढे याहून अरुंद आहे. शेवटी गाडी गावाबाहेरच्या एका मोकळ्या आवारात लावली. जागा उतरती. सकाळी धिरड्याचं पीठ तव्यावर घातलं तर सगळं उजवीकडे पळालं आणि धिरड्याचा महाराष्ट्राचा नकाशा झाला, कोकणपट्टी जाड, विदर्भ जळालेला. चाकाखाली ठेवायच्या फळ्या गाडीत नव्हत्या. ड्रायव्हरने कुठूनसा एक जांभा चिरा आणून ठेवला, त्याचे दोन तुकडे झाले. मग मालकांनी फणसाची एक जुनी फळी दिली आणि चिऱ्याचे पैसे हिशेबात लावले, जे योग्यच होतं.

तिसऱ्या दिवशी हरिहरेश्वरला जायचं ठरलं. म्हणजे आवरा, बांधा, वायर काढा. एक खण नीट लागला नव्हता. पहिल्याच गतिरोधकाला तो उघडला आणि पातळ पोह्यांचा डबा खाली. ते पोहे सोफ्याच्या रुळांत, दाराच्या खाचेत, कुठे कुठे गेले. पुण्यात गाडी परत करेपर्यंत मी टूथपिकने काढत होते. देवळाजवळ गाडी लावायला जागा नाही, लांब लावून चालत गेलो. चौथ्या दिवशी आम्ही शहाणे झालो आणि रिक्षा ठरवली. दिवसाचे हजारो रुपये भाडं मोजून आमचं फिरतं घर सपाट फळीवर उभं, आणि आम्ही चौघं रिक्षात. हे दोन्ही गुडघे छातीशी घेऊन म्हणाले, "आता ही रिक्षाच मागे बांधून आणायला हवी होती." चेष्टेत म्हणाले, पण तिकडे मोटरहोमच्या मागच्या बाजूला दोन सायकली अडकवलेल्या असतात त्या याचसाठी. आपण स्कूटर आणावी. पुणेकर स्कूटरशिवाय निघालाच कसा, हा प्रश्न आधी पडायला हवा होता.

आणि आता ते. ते लिहावं की नाही असा विचार केला, पण पर्यटनावरच्या लेखांत ते कधीच नसतं म्हणून लिहिते. गाडीच्या संडासाची टाकी भरते. चार माणसांत दोन दिवसांत भरते. इंग्लंडात वीसेक लिटरची पेटी बाहेरून ओढून काढायची, चाकांवर ढकलत झाकणाच्या खड्ड्याशी न्यायची, ओतायची, धुवायची. पहिल्या दिवशी शिसारी आली, तिसऱ्या दिवशी काही वाटेनासं झालं. इथे टाकी गाडीच्या पोटाखाली, तिला नळी आणि झडप. मी विचारलं, "दादा, ही रिकामी कुठे करायची?" तो घुटमळला. मग म्हणाला, "काकू, रात्री पुढे गेल्यावर ओढ्यात सोडतो. सगळे तेच करतात."

मी म्हटलं, ओढ्यात नाही. मग कुठे, हे मलाही माहीत नव्हतं. कंपनीला फोन केला. ज्याने फोन घेतला तो म्हणाला, "मॅडम, गेस्टने त्याचं टेन्शन घ्यायचं नाही." शेवटी मालकांची मनधरणी केली. ते तयार नव्हते, आणि त्यांचं बरोबर होतं. टाकीत जे निळं औषध घालतात त्याने सेप्टिक टाकीतले जंतू मरतात, मग टाकी तुंबते, असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. आम्ही ते औषध घातलेलं नव्हतं, कारण गाडीत ते नव्हतंच. आमच्या गैरसोयीचा तेवढाच फायदा झाला. दोनशे रुपये देऊन, अंधारात, बॅटरी धरून त्यांच्या सेप्टिक टाकीत सोडलं. बॅटरी मी धरली होती. त्यानंतर दोन दिवस चौघांनीही मालकांचा संडास वापरला. मग त्या गाडीतल्या संडासाचं भाडं आम्ही का दिलं, हा हिशेब काही जुळला नाही.

तुमच्या लेखात राज्याच्या २०२१ च्या कॅरव्हॅन धोरणाचं कौतुक आहे. असू दे. त्या धोरणात दोन्ही गाड्या बसतात, इंजिनाच्याही आणि ओढायच्याही. कॅरव्हॅन पार्कही बसतात. केंद्राच्या २००४ च्या यादीत स्वतःच्या वापराची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर खाजगी वाहनातच मोडते. मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस १२४ हे मानक आहे, आणि गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या ज्या एआरएआय या संस्थेकडून अशी मानकं येतात ती आमच्याच वेताळ टेकडीवर आहे. तिच्या फाटकावरून मी रोज सकाळी फिरायला जाते. म्हणजे गाडी कशी असावी याचा विचार झालेला आहे. ती रात्री उभी कुठे राहावी याचा विचार मला त्या चार रात्रींत कुठे दिसला नाही.

मोठे पार्क नकोत असं नाही. पण त्यांना जागा लागते, गुंतवणूकदार लागतो, आणि मग लगेच निळे जांभळे दिवे येतात. मला त्या मेंढपाळाचं शेत आठवतं. आपल्याकडे २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहेच. ज्या शेतकऱ्याने त्याखाली नोंदणी केली आहे त्याला एक ओळ वाढवून द्यावी: पाच गाड्यांपर्यंत मुभा, जर चार गोष्टी असतील तर. पिण्याच्या पाण्याचा नळ. पंधरा अँपिअरचे, पावसापासून झाकलेले प्लग. गाडी सपाट उभी राहील अशी मुरमाची पट्टी. आणि टाकी ओतायला वेगळा शोषखड्डा किंवा सेप्टिक टाकी, तीत निळं औषध चालेल की नाही याची पाटी लावून. पाचवी मी माझ्याकडून घालते, ड्रायव्हरला झोपायला पडवी. दिवेआगरच्या मालकांना मी हे विचारलं. म्हणाले, "नळ आहे, प्लग आहे, पडवी आहे. खड्डा मी खणीन. पण उद्या कुणी येऊन परवाना विचारला तर काय दाखवू?" त्यांच्या या प्रश्नाचं उत्तर तुमच्या वार्ताहराने पर्यटन संचालनालयातून आणलं तर पुढच्या रविवारी मी फोटोखालची ओळसुद्धा तपासणार नाही.

राहता राहिलं, दोन्हींत कुठली बरी. मला लोक हेच विचारतात, म्हणून सांगते. कॅरव्हॅन ताम्हिणीतून किंवा वरंध्यातून ओढत नेऊ नये असं माझं मत. तिच्या आकड्यात अशी योजना असते की मोटारीने ब्रेक मारला की मागची खोली पुढे रेटते आणि त्या रेट्यानेच तिचे स्वतःचे ब्रेक लागतात. सपाटीवर ठीक. पण लांबलचक उतारावर, मागून एसटी हॉर्न देत असताना आणि समोरून वाळूचा डंपर आपल्या बाजूने येत असताना, मला ती मागे नको. आणि पुण्यात ती ठेवणार कुठे? आमच्या सोसायटीत पाहुण्यांच्या मोटरसायकलवरून दोन सभा झाल्या आहेत. कोकणच्या पावसात वर्षभर उघड्यावर ठेवली तर सांध्यांतून पाणी झिरपून आतलं लाकूड कुजेल. ओल हा कॅरव्हॅनचा क्षय, असं जावयाच्या शेजाऱ्याचं म्हणणं, आणि ते तर कोरड्या उन्हाळ्यात बोलत होते.

म्हणून आपल्याकडे सध्या मोटरहोमच, पण लहान. दहा फूट उंच नव्हे. टपावर एसी नसलेली, जानेवारीत कोकणात तो लागत नाही. दोन माणसांपुरती, जमलं तर स्वतः चालवायची. आणि ओढायची कॅरव्हॅन कुणाला हवीच असेल तर ती शेतकऱ्यानेच घेऊन वाडीत कायमची उभी करावी. आपण पुण्याहून आपली मोटार घेऊन जावं, चार रात्री तीत राहावं. ओढणं नाही, घाट नाही, सोसायटीची सभा नाही, आणि मोटार फिरायला सुटी.

हे ऐकून आमच्या सासूबाई म्हणाल्या, "यात नवीन काय? आमच्या दिंडीत हेच." त्या बारा वर्षं आळंदीहून पंढरपूरला चालत गेल्या. दिंडीचा ट्रक राहुट्या, शेगड्या, गोधड्या घेऊन पुढच्या मुक्कामी आधीच गेलेला असायचा. ह्या टाळ घेऊन दिवेघाट चढायच्या, सासवडला पोचेपर्यंत राहुटी उभी, पिठलं रटरटतंय. घर वेगळं, माणूस वेगळा. ट्रकचा ड्रायव्हर कुठे झोपायचा, मी विचारलं. "राहुटीत. आमच्यातच. मग कुठे?"

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
कोथरूड, पुणे ३८

(नाव छापू नये. गाडी देणारी कंपनी आमच्याच रस्त्यावर आहे.)

ता. क. तो मोडलेला चिरा मालकांनी मला दिला, पैसे घेतले होते म्हणून. अर्धा आमच्या बाल्कनीत तुळशीच्या कुंडीखाली आहे. कुंडी सपाट बसली आहे, ह्यांनी लेव्हल लावून पाहिली.